एक जहाज हार्टलपूलला, एक दारूखान्यात

बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी हटकत नाही याची खात्री करून घेतली आणि मग बोटांच्या पेरांनी त्या जाड तुळईवर टकटक केली. बाजारात शहाळं वाजवून बघावं तशी.

"भरीव आहे," ते म्हणाले. "दोनशे वर्षं झाली म्हणतोस?"

दोनशेहून जास्तच. ती तुळई एचएमएस त्रिंकोमाली या युद्धनौकेच्या पोटातली. नौका सध्या इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या गावात, रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या गोदीत उभी आहे. तिचं जन्मगाव मात्र मुंबई. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. अजून पाण्यावर तरंगणारी ही सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका. नेल्सनची व्हिक्टरी तिच्याहून ५२ वर्षांनी मोठी आहे, पण ती कोरड्या गोदीत ठेवलेली आहे.

मी न्यूकॅसलला एका कंपनीत कोड लिहितो. मागच्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच इकडे आले होते. लंडन झालं, एडिंबरा झालं. तिसऱ्या कॅथीड्रलच्या दारात बाबा बाकावर बसले आणि म्हणाले, तुम्ही बघून या. तेव्हा बायकोने फोनवर शोधाशोध करून सांगितलं, "बाबा, इथून पाऊण-एक तासावर मुंबईत बांधलेलं जहाज आहे." बाबा उठले. मुंबई आणि जहाज हे दोन शब्द एकत्र आले की ते उठतात. का, ते पुढे येईल.

न्यूकॅसलहून संडरलंडमार्गे हार्टलपूलला जाणारी गाडी बराच वेळ समुद्राला लागून जाते. आईने ठेपले आणि लसणाची चटणी घेतली होती. डबा गाडीतच उघडला, कारण किनाऱ्यावरचे सीगल हातातलं खाणं पळवतात हे तिला मुलाच्या व्हिडिओ कॉलवरून आधीच ठाऊक होतं.

संग्रहालय म्हणजे एक जुना धक्का. पाण्याच्या तिन्ही बाजूंनी त्या काळची दुकानं उभी केलेली आहेत: शिंप्याचं, छापखान्याचं, तलवारी आणि दुर्बिणी विकणाऱ्याचं. लहान मुलांना वेळ घालवायला चांगलं आहे. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही. मधोमध काळीपांढरी नौका आणि तिच्या तीन डोलकाठ्या दिसत असताना शिंप्याच्या दुकानात कोण थांबणार? नौकेच्या नाळेवर एक अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं बांधलेला. आई म्हणाली, "हा आपल्याकडचाच दिसतोय." नाव त्रिंकोमाली, म्हणजे श्रीलंकेतलं बंदर, पुतळा पागोट्याचा, मालक इंग्रज, आणि बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया.

वाडियांची गोष्ट मुंबईकराला अर्धवट माहीत असते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला या किनाऱ्यावर स्वतःची गोदी हवी होती, कारण कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांचा दरारा होता आणि सुरतेवर अवलंबून राहून भागत नव्हतं. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी झाली. त्यानंतर दीडशेच्या आसपास वर्षं वाडियांच्या पिढ्या तिथे जहाजं बांधत राहिल्या. त्यांच्या जहाजांची नशिबं बघा. १८१३ ची कॉर्नवॉलिस: तिच्यावर १८४२ मध्ये चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा नानकिंगचा तह झाला. १८१५ ची वेलस्ली: सव्वाशे वर्षांची म्हातारी होऊन ती १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाली. नौका सागाची, बांधलेली शिडांच्या काळात, आणि मारणारं विमान.

जमशेटजींबद्दल एक किस्सा सांगतात. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, सहज दिसणार नाही अशा जागी, त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. 'काळ्या'च्या आधी एक शिवीही होती. गोरे अधिकारी जी शिवी देत असतील तीच. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा ते सापडलं. खरं असेल-नसेल, पण मला हा माणूस आवडतो. प्रोग्रामर लोक कोडमध्ये कमेंट टाकून ठेवतात, तसलाच प्रकार.

त्रिंकोमालीची ऑर्डर ऑक्टोबर १८१२ ची. नेपोलियनशी लढता लढता ब्रिटनमधलं ओकचं लाकूड अपुरं पडायला लागलं होतं, म्हणून मुंबईला सागात बांधा असं ठरलं. नौकेचे नकाशे एचएमएस जावा या जहाजातून मुंबईला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या नौकेने जावाला गाठलं, हरवलं आणि पेटवून दिलं. नकाशे गेले. लंडनहून दुसरी प्रत यावी लागली. बॅकअप होता, पण तो आणायला महिने लागायचे. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं एप्रिल १८१६ मध्ये. पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून.

त्याच जावावर मुंबईला नेमणूक झालेले लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते. अमेरिकनांनी त्यांना पकडलं आणि मग सोडून दिलं. हे नाव मराठी इतिहास वाचणाऱ्यांना ओळखीचं असेल. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हा समोरच्या सैन्याचे सेनापती हेच हिस्लॉप. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या जहाजावर नकाशे बुडाले, त्याच जहाजावरचा माणूस माळव्यात जिंकत होता, आणि त्या नकाशांच्या दुसऱ्या प्रतीवरून बांधलेली नौका मुंबईत नुकतीच पाण्यात उतरली होती. तिच्या जलावतरणानंतर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पुढच्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. शाळेत आम्ही १८१८ शिकलो तेव्हा मुंबईच्या गोदीत काय चाललंय हे कोणी सांगितलं नाही.

सागाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते लाकूड टिकलं याचं कौतुक तिथे जागोजागी आहे. सागात तेल असतं. ओकमध्ये ठोकलेला लोखंडी खिळा गंजतो, सागातला त्या मानाने टिकतो. पण हा साग मलबारच्या जंगलांतून यायचा. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन यांना तिथे जंगलांचे 'काँझर्व्हेटर' नेमलं. पद संरक्षकाचं, काम नौदलासाठी साग मिळवायचं. पुढे सागावर कंपनीने हक्क सांगितला. ज्यांच्या जमिनीवर झाड उभं होतं त्यांनाच ते तोडायला बंदी. लोकांचा राग इतका वाढला की १८२३ मध्ये ते खातंच बंद करावं लागलं. १८४० च्या दशकात निलंबूरला कलेक्टर कनॉलीने सागाची लागवड सुरू केली, ती जंगलातला साग संपत आल्यावर. बाबा ज्या तुळईवर टकटक करत होते, ती अशा झाडाची.

खाली तोफांच्या मजल्यावर एक पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक उभे होते. त्यांनी कुठून आलात विचारलं. आई इंग्रजीत एवढंच म्हणाली, "बॉम्बे." ते गृहस्थ एकदम सरळ उभे राहिले, नौकेकडे हात करून म्हणाले, हीसुद्धा. मग ते आम्हाला आणखी खाली घेऊन गेले. छत इतकं खाली की बाबा आणि मी दोघंही वाकून. खलाशाला झोळी टांगायला चौदा इंच रुंदीची जागा मिळायची हे ऐकून आई म्हणाली, "आपल्या चाळीतल्या गॅलरीत याहून जास्त मिळायची."

गृहस्थांनी नौकेचं चरित्र सांगितलं. १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचली तेव्हा युद्ध संपलेलं. मग सव्वीस वर्षं नुसती उभी. पुढे दहा वर्षं समुद्रावर: कॅरिबियनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धची गस्त, नंतर पॅसिफिक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा उघडलात तर एका खाडीला आजही तिचं नाव दिसेल. नंतर ती प्रशिक्षणासाठी वापरली. आणि १९ मे १८९७ रोजी भंगारात विकली.

"भंगारात?" बाबांनी मला मराठीत विचारलं. "मग ही इथे कशी?"

बाबांनी तीस वर्षं दारूखान्यात नोकरी केली. रे रोड स्टेशनला उतरून समुद्राकडे चालत गेलं की दारूखाना. तिथे जुनी जहाजं तोडतात. बाबा तोडायला नव्हते, ते एका लोखंडाच्या पेढीवर हिशेबाला होते. कुठल्या जहाजाच्या किती टन प्लेटा, पितळ किती, तांबं किती, गॅस कटरवाल्यांची मजुरी किती, हे ते लिहायचे. आमच्या घरातलं पहिलं कपाट, माझी इंजिनीअरिंगची फी, हे सगळं कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पोटातून आलेलं आहे. जहाज भंगारात जातं तेव्हा पुढे काय होतं, हे त्यांना इतकं पक्कं माहीत की भंगारात विकलेलं जहाज परत उभं दिसणं त्यांना हिशेबातली चूक वाटली.

चूक म्हणा, योगायोग म्हणा. जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या श्रीमंत माणसाकडे नेल्सनच्या काळातली फूद्रॉयां ही नौका होती. मुलांना समुद्राचं शिक्षण देण्यासाठी तो ती वापरायचा. त्याच १८९७ मध्ये ती ब्लॅकपूलला वादळात फुटली. त्याला बदली नौका हवी होती आणि भंगारवाल्याकडे त्रिंकोमाली होती. त्याने ती घेतली आणि तिला जुन्या नौकेचंच नाव दिलं. त्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलांच्या शिबिरांसाठी वापरात राहिली. म्हणजे ती वाचली ती कुणाला इतिहासाचं प्रेम होतं म्हणून नव्हे, तर झोपायला जागा असलेलं मोठं लाकडी जहाज कुणालातरी हवं होतं म्हणून.

वर डेकवर वारा जोरात होता. आई-बायको धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात गेल्या. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले आणि मला वाटलंच होतं ते म्हणाले, "विक्रांत आठवते?"

२००६ च्या डिसेंबरात, नौदल सप्ताहात, बाबांनी मला विक्रांत दाखवायला नेलं होतं. दोन-अडीच तास रांग. मी दहा वर्षांचा. उड्डाण डेकवर पोचल्यावर मी पळत सुटलो, कारण मुंबईत एवढी मोकळी जागा मी कधी पाहिलीच नव्हती. सी हॉक विमानाच्या पंखाला हात लावू दिला नाही म्हणून रडलोही. बाबा १९७१ बद्दल सांगत होते. ते तेव्हा नऊ वर्षांचे, काळाचौकीत. खिडक्यांना काळे कागद, रात्री दिवा बंद, आणि रेडिओवर विक्रांतचं नाव. विक्रांत त्या वेळी मुंबईपासून लांब, बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी. तरी ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालय म्हणून मुंबईत राहिली. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद झाली. पोलादी तळ पाण्यात गंजतो, पत्रा पातळ होत जातो. अशा जहाजाला ठरावीक काळाने कोरड्या गोदीत घ्यावंच लागतं, नाहीतर कायमचं जमिनीवर बसवावं लागतं. दोन्हीला पैसा आणि जागा लागते. राज्य सरकारने खर्च झेपत नाही म्हटलं, चालवायला कोणी पुढे आलं नाही. कोर्टकज्जे झाले. सुमारे ६० कोटींना लिलाव झाला. २०१४ च्या मे महिन्यात ती ओढून दारूखान्यात आणली आणि नोव्हेंबरात तोडायला सुरुवात झाली.

बाबा तेव्हा नोकरीतच होते. त्यांच्या पेढीला त्यातलं काही मिळालं नाही, पण रोज जाता-येता दिसायचं. मी तेव्हा कॉलेजात, सोशल मीडियावर चिडून पोस्टी टाकत होतो. बाबा घरी येऊन काहीच बोलायचे नाहीत. एकदाच आईला म्हणाले होते, "आज पुढचा भाग उघडला." डॉक्टर ऑपरेशनबद्दल बोलतो तसं.

त्रिंकोमालीच्या डेकवर त्यांनी फोन काढला आणि कॅल्क्युलेटर उघडला. "सोळा हजार टन धर. साठ कोटी. किलोला साडेसदतीस रुपये." थोडं थांबून म्हणाले, "भाव वाईट नव्हता."

इथे मला ते नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं. बघा, यांनी दोनशे वर्षांचं लाकूड जपलं आणि आपण पन्नास वर्षांचं लोखंड विकून खाल्लं. फॅमिली ग्रुपवर टाकायला मजकूरही मनात तयार होता. पण तोवर मी खालच्या स्वयंसेवकांशी बरंच बोललो होतो आणि ते वाक्य घशात अडकलं.

कारण कॉबच्या नौकेशेजारी कित्येक वर्षं आणखी एक नौका उभी असायची. इंप्लॅकेबल. ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेली, नंतर ब्रिटिशांनी पकडलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीला कोणाकडे पैसे नव्हते. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश नौदलाने तिला इंग्लिश खाडीत ओढून नेलं, दोन्ही देशांचे झेंडे तिच्यावर फडकावले आणि स्फोट करून बुडवलं. लोक हळहळले. त्या हळहळीतूनच पुढे कटी सार्क वाचवायची चळवळ उभी राहिली. जुनी जहाजं वाचवणाऱ्या एका संस्थेने तर 'इंप्लॅकेबल पुन्हा नको' हेच ब्रीद घेतलं. आपण ज्याला त्यांचा स्वभाव समजतो, त्याच्या मागे एक बुडवलेलं जहाज आहे.

आणि हार्टलपूल. इथला शेवटचा जहाजबांधणीचा कारखाना १९६२ मध्ये बंद झाला. १९७९ मध्ये वॉरियर ही जुनी लोखंडी युद्धनौका दुरुस्तीला इथे आणली, आणि बेकार झालेल्या हातांना काही वर्षं काम मिळालं. १९८७ मध्ये ती पोर्ट्समथला निघून गेली. हात तयार, जहाज नाही. त्याच वर्षी मुंबईची ही म्हातारी एका तराफ्यावर चढवून इथे आणली. १९९० पासून २००१ पर्यंत काम चाललं, एक कोटी पौंडांवर खर्च झाला. निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच ठेवता आलं. १९९२ मध्ये तिला तिचं जुनं नाव परत मिळालं. गावाला काम हवं होतं, जहाजाला गाव. साग होता म्हणून हे जमलं हेही खरं. सडलेली फळी काढून नवी बसवता येते; गंजलेल्या सोळा हजार टनांचं तसं नसतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याकडे हात नव्हते का? दारूखान्यात हातच हात होते. त्यांना कोणी दुसरं काम सांगितलंच नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही. माझ्या त्या पोस्टींमध्ये कटर चालवणारे लोक खलनायक होते.

परतीच्या गाडीत आई झोपली. मी बाबांना सांगितलं की विक्रांत मुळात इथलीच. १९४३ मध्ये न्यूकॅसलला टाईन नदीकाठी, विकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात तिचा सांगाडा उभा राहायला लागला. नाव हर्क्युलिस. २२ सप्टेंबर १९४५ रोजी पाण्यात सोडली तेव्हा युद्ध संपलेलं, काम अर्धवट ठेवून दिलं. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती विक्रांत झाली. त्रिंकोमालीसारखीच तीही एक युद्ध चुकवून जन्मलेली.

"कारखाना कुठे होता?"

"वॉकरला. आपल्या घरापासून बसने."

"चल मग."

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. आई-बायकोला घरी सोडून आम्ही दोघं बसने वॉकरला गेलो. नदीकाठी शेड्स, कुंपण, बंद फाटक, वाढलेलं गवत. विक्रांतबद्दल पाटी आहे का म्हणून मी थोडं शोधलं, आम्हाला काही दिसली नाही. बाबा कुंपणाला नाक लावून नदीच्या रुंदीकडे बघत होते.

"एवढ्याशा नदीत एवढं जहाज फिरवलं कसं असेल?" ते म्हणाले. मग मला फोटो काढायला सांगितला.

"मागे नुसतं कुंपण येतंय, बाबा."

"येऊ दे. पेढीवरच्या लोकांना पाठवायचाय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता नको. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असेल."